बाकावरच्या चार फळ्या: कराडातल्या एका जिम-शोधाची हकीकत

वहिनींचा रक्ताचा रिपोर्ट दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आला. एचबीएवनसी 6.1. ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 पासून पुढे घरात. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. चिठ्ठीवर लिहिलं, ‘रोज चालणे. वजनाचे व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा.’ जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल असं चालणं-फिरणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. साखर सगळ्यात जास्त खर्च करणारी जागा म्हणजे स्नायू, त्यामुळे ते राखले पाहिजेत, एवढं डॉक्टरांनी समजावूनही सांगितलं.

चालणं वहिनी करतच होत्या, प्रीतिसंगमाच्या बाजूला, सकाळी. वय 47, गुडघे कुरकुरतात, नोकरी गावाबाहेरच्या एका हायस्कुलात, जायला-यायला एसटी. प्रश्न उरला वजनांचा. ‘भाऊजी, तुम्ही जिमला जात होता ना? तुम्हीच बघा,’ म्हणून काम माझ्याकडं आलं.

माझा जिमचा अनुभव काय होता ते सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघाले. जानेवारी 2023 मध्ये मी एका नव्या जिमचे वर्षाचे 9,000 रुपये एकदम भरले. ऑगस्टमध्ये एका सकाळी शटर बंद, आतली मशीन रातोरात गेलेली, मालकाचा फोन लागेना. पक्कं बिल मी मागितलंच नव्हतं. हातात होता फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘वेलकम टू द फॅमिली’. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही हे मला माहीत होतं, तरी गेलो नाही. खरं कारण असं की त्या सात-आठ महिन्यांत मी एकूण 31 दिवस गेलो होतो. म्हणजे एका दिवसाचे 290 रुपये. आयोगापुढं हजेरीपट निघाला असता तर मलाच लाज वाटली असती. आणि मी पोटापाण्यासाठी लोकांची जीएसटी विवरणपत्रं भरतो, म्हणजे पावतीचं महत्त्व दिवसभर दुसऱ्यांना सांगणारा माणूस.

असो. वहिनींच्या बाबतीत आम्ही दिवाळी होऊ दिली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हिंडायला लागलो. एक नियम मी सुरुवातीलाच केला: ज्या वेळेला जाणं जमणार आहे त्याच वेळेला जागा बघायची. दुपारी चारला सगळ्याच जिम छान दिसतात.

वेळ ठरवायलाच पहिले दोन दिवस गेले. वहिनी संध्याकाळी सव्वासहाला घरी पोचतात, मग स्वयंपाक, सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब, वह्या. सकाळी साडेनऊची एसटी. म्हणजे सकाळी सहा ते सव्वासात हा एवढाच तुकडा त्यांचा स्वतःचा. हे कागदावर लिहिल्यावर अर्धी निवड तिथंच झाली होती, पण आम्हाला ते कळायला आणखी आठवडा लागला.

पहिली जागा हायवेला लागून. दोन मजले, एसी, आरसे, मोठ्या आवाजात गाणी, दाराला बोट लावायचं यंत्र. घरापासून साडेचार किलोमीटर. काउंटरवरच्या मुलानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि कॅल्क्युलेटर काढला. ‘मॅडम, महिन्याला 2,500. पण वर्षाचं पॅकेज 14,999, ही दिवाळी ऑफर फक्त 31 तारखेपर्यंत. प्लस 18 टक्के जीएसटी. टोटल 17,699.’

मी म्हटलं, ‘अठरा?’

‘हो सर, गव्हर्नमेंटचा रूल आहे.’

रूल होता. 22 सप्टेंबर 2025 पासून जिम, योगवर्ग, सलून यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. 14,999 वर पाच टक्के म्हणजे 750, एकूण 15,749. फरक साडेएकोणीसशेचा. मी हे सांगितल्यावर तो मुलगा आत गेला, मालकाशी बोलून आला आणि म्हणाला, ‘सर, सॉफ्टवेअर अपडेट व्हायचंय.’ असेलही. मालकाची बाजूही सांगायला हवी: पाच टक्क्यांच्या नव्या दरात जिमला भाड्यावर आणि मशिनरीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर आपल्या देण्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे काही जण मूळ फी थोडी वाढवणार हे उघड आहे. फी वाढवा, हरकत नाही. पण नसलेला कर घेऊ नका. कुठल्याही जिममध्ये कर मागितला तर बिलावर जीएसटी नंबर आहे का आणि दर किती लावलाय, एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. ज्या जिमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तिला सहसा नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर तिला कर घेताच येत नाही. तालुक्याच्या गावात अशा जिम बऱ्याच असणार.

तिथं एक दिवसाची ट्रायल मिळाली. सकाळी सहाला मीही गेलो. आठ ट्रेडमिलपैकी तिघींवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी, आणि चिठ्ठीचा कागद पिवळा पडलेला. वहिनींना वीस मिनिटं चालवलं, मग एका यंत्रावर अनवाणी उभं केलं. यंत्रानं कागद काढला: ‘शरीराचं वय 58.’ वहिनींचा चेहरा उतरला. ट्रेनर लगेच म्हणाला, ‘मॅडम, पर्सनल ट्रेनिंग घेतलं तर सहा महिन्यांत चाळीसवर आणू.’ पर्सनल ट्रेनिंगचे महिन्याला वेगळे 6,000.

हे यंत्र शरीरातून अगदी बारीक वीज सोडून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी किती प्यायलंय, नुकताच घाम गाळलाय का, यावर त्याचा आकडा हलतो. वीस मिनिटं चालवून, घाम काढून, मग मोजायचं आणि त्या आकड्यावर पॅकेज विकायचं, हे मला पटलं नाही. महिन्या-महिन्याला एकाच वेळी, एकाच पद्धतीनं मोजलं तर त्याचा थोडा उपयोग आहे. ‘शरीराचं वय’ मात्र कंपनीनं आपल्या सूत्रानं काढलेला आकडा, कुठला डॉक्टर त्यावर उपचार ठरवत नाही. वहिनींना हे घरी येईपर्यंत सांगत होतो. तरी तो कागद त्यांनी पर्समध्ये ठेवलाच.

तिथलं वजनांचं सामान मात्र चांगलं होतं, ते कबूल करतो. पण फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’, आणि मेंबरशिप थांबवून ठेवायची सोय वर्षातून एकदाच, सलग किमान पंधरा दिवसांसाठी. शाळा आणि घर सांभाळणाऱ्या बाईचे खाडे सलग पंधरा दिवसांचे नसतात. तीन दिवस इकडं, चार दिवस तिकडं, असे असतात. शिवाय रस्ता. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम चालू, सेवारस्ता कधी इकडनं कधी तिकडनं, आणि नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. साडेचार किलोमीटर स्कूटीवरनं रोज. मी असतो तर चार दिवस गेलो असतो.

दुसरी जागा वहिनींना मनापासून आवडली. फक्त बायकांचा स्टुडिओ, कापडाच्या दुकानावर पहिला मजला, झुंबा आणि योग. महिना 1,200, तिमाही 3,000. शिकवणारी मुलगी हसतमुख, आलेल्या बायकांना नावानं हाक मारणारी. वहिनी दोन दिवस गेल्या आणि दोन्ही दिवस घामाघूम होऊन, खुशीत परत आल्या. चालण्याच्या ऐवजी हे चाललं असतं. पण तिथलं सगळ्यात जड डंबेल दोन किलोचं होतं. वहिनी शाळेतनं येताना वह्यांची पिशवी आणि भाजी मिळून यापेक्षा जास्त रोज उचलतात. स्नायू वाढायचे तर वजन हळूहळू वाढत गेलं पाहिजे. दोन किलोवर ते दुसऱ्या आठवड्यात थांबलं असतं. आणखी एक गोष्ट वहिनींनीच टिपली, मला तिथं प्रवेशच नव्हता. कोपऱ्यातला कॅमेरा नेमका जमिनीवर झोपून करायच्या व्यायामाच्या जागेवर रोखलेला, आणि त्याचा पडदा खाली कापडाच्या दुकानात, गल्ल्याजवळ. जागेचा मालक दुकानदारच. त्या मुलीला याचं काही वाटत नव्हतं, वहिनींना वाटलं. बॅचही सकाळी सातची. सव्वासात तर आमची परतायची वेळ.

मधल्या काळात माझ्या भावानं फुकटातला सल्ला दिला: ‘बागेत ती मशीन बसवलीत की.’ ती पिवळी-निळी ओपन जिमची मशीन वाईट नाहीत, सांधे मोकळे होतात, म्हाताऱ्या माणसांना बरं. पण त्यात वजन वाढवता येत नाही, आणि आमच्या बागेतल्या दोनांचे बेअरिंग गेलेत.

तिसरी जागा मी शेवटी दाखवली, कारण ती दाखवायचीच नव्हती. घरापासून चालत सात मिनिटं, एक जुनी व्यायामशाळा. पत्र्याचं छप्पर, मारुतीचा फोटो, शेजारी खाशाबा जाधवांचा. खाशाबा इथलेच, कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य जिंकून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे. त्यांचा फोटो या भागातल्या तालमीत नसला तर नवल. आत लाल मातीचा हौदा आता नाही, त्यावर रबराच्या मॅट. रॉड, प्लेटा, डंबेलं, एक बाक, दोन केबलची मशीन. एसी नाही, गाणी नाहीत. फी महिना 600. चालवणारे वस्ताद साठीतले, एके काळी कुस्त्या मारलेले.

‘बायकांची बॅच हाय की,’ वस्ताद म्हणाले. ‘अकरा ते चार. त्या टायमाला गडी नसत्यात.’

गडी नसतात, कारण ते कामावर असतात. नोकरी करणाऱ्या बायकाही त्याच वेळी कामावर असतात, हे वस्तादांच्या हिशेबात कधी आलं नव्हतं. गावोगावच्या ‘लेडीज बॅच’ची हीच गत आहे. वेळापत्रक पुरुषांच्या वेळा ठरल्यावर उरलेल्या तासांतून होतं, आणि मग ‘आमच्याकडं बायका येतच नाहीत’ असं ऐकायला मिळतं.

मी उठायच्या बेतात होतो. वहिनी नाही उठल्या. त्यांनी विचारलं, ‘वस्ताद, गुडघा दुखतो, मला बैठका जमतील का?’

वस्तादांनी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यातला बाक ओढला, त्यावर एकावर एक चार लाकडी फळ्या ठेवल्या, दीड-दीड इंचाच्या. ‘बसा. आता हात न टेकता उठा. दम सोडत उठायचं.’ वहिनी उठल्या. ‘दुखलं?’ नाही. एक फळी काढली. पुन्हा. दुसरी काढली. तिसऱ्या वेळी वहिनींनी उठताना मांडीला हाताचा रेटा दिला, आणि वस्तादांनी ती फळी परत ठेवली. ‘हितनं सुरुवात. पंधरा दिसानं एक फळी काढायची. फळ्या संपल्या की मग वजन.’

पाच मिनिटं लागली, यंत्र नव्हतं, कागद नव्हता. पण गुडघ्याला झेपेल तिथून सुरू करून हळूहळू वाढवत न्यायचं, ही गोष्ट हायवेवरच्या ट्रेनरला दीड तासात सुचली नव्हती. वहिनींचं मन तिथंच ठरलं असावं. माझं नाही. वस्ताद लगेच पुढं म्हणाले, ‘आन् शुगर-बिगर काय नसतंय ताई, घामानं जातीय सगळी.’ माणूस बैठकीचा जाणकार, रक्ताचा नाही. मी वहिनींना बाहेर आल्यावर सांगितलं, व्यायाम यांचा, साखरेचं फक्त डॉक्टरांचं ऐकायचं.

अडचण वेळेची होती. वहिनींनी ती शिक्षकांच्या पद्धतीनं सोडवली: व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारलं. गल्लीतल्या आणि शाळेतल्या मिळून चार जणी तयार झाल्या. पाच जणी, सकाळी सव्वासहा ते सात, सोमवार ते शनिवार. वस्ताद म्हणाले, सकाळी पोरं असतात, त्यांना कुठं घालवू? मग ठरलं असं: पाच जणींनी प्रत्येकी 600 ऐवजी 800 द्यायचे, म्हणजे महिन्याला 4,000, आणि त्या पाऊण तासात पोरांनी बाहेरच्या पत्र्याखाली जोर-सपाटे काढायचे. हायवेवरच्या जिमला असलं काही विचारताच आलं नसतं, तिथं काउंटरवरच्या मुलाच्या हातात काहीच नसतं. इथं मालक समोर बसलेला होता आणि त्याला जानेवारीत पत्रा बदलायचा होता.

मी दोन गोष्टी मागितल्या. एक, पैसे महिन्याचे महिन्याला, वर्षाचे नाहीत. दोन, पावती. वस्ताद वहीत ‘ताई 800 जमा’ असं लिहायचे. बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी सांगितल्यावर ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. पण आठ दिवसांत कार्बन घालून लिहायचं छापील पावतीपुस्तक आणलं. पहिली पावती वहिनींची.

वर्षाचे पैसे एकदम भरण्याबद्दल माझा आग्रह नुसता दुधानं तोंड पोळलं म्हणून नव्हता. 2006 साली छापून आलेल्या एका अभ्यासात दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन क्लबांच्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या हजेऱ्या तपासल्या. महिन्याला 70 डॉलरच्या वर ठरावीक फी भरणारे लोक सरासरी 4.3 वेळाच येत होते, म्हणजे एका फेरीला 17 डॉलरच्या वर. दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर 10 डॉलर पडले असते. देश वेगळा, पैसा वेगळा, पण सवय तीच. वर्षाचं पॅकेज घेताना आपण उद्याच्या स्वतःवर पैज लावतो, आणि जिमवाला त्या माणसाला आपल्यापेक्षा चांगला ओळखून असतो. सगळे सभासद रोज आले तर त्या आठ ट्रेडमिलवर रांग लागेल.

3 नोव्हेंबरला सुरुवात झाली. वहिनींनी दिनदर्शिकेवर टिक करायला घेतलं, मी काही सांगितलं नव्हतं. पहिला महिना अंधारातच गेला. नदीवरचं धुकं गल्लीपर्यंत येतं, आणि कुत्र्यांसाठी पाच जणींत मिळून एक काठी. नगरपरिषद निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण, मग 2 डिसेंबरचं मतदान, त्यात एक आठवडा गेला. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, चार दिवस. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा, पेपर तपासणी. 31 जानेवारीला मी टिका मोजल्या: तीन महिन्यांत 38.

2,400 रुपयांना 38 फेऱ्या, म्हणजे एका फेरीला 63. हायवेवरच्या जिममध्ये महिन्या-महिन्यानं भरून एवढ्याच फेऱ्या झाल्या असत्या तर करासकट 207 पडले असते. वर्षाचं पॅकेज घेऊन असंच वर्षभर चाललं असतं तर 104. खोटं कशाला बोला, हा आकडा काही वाईट नाही. एसी, बंद दार, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह या सगळ्याला तो परवडतो. व्यायामशाळेत स्वच्छतागृह वस्तादांच्या घराच्या मागच्या बाजूचं वापरावं लागतं, आणि त्यावरून एक जण जवळजवळ सोडून चालली होती. ज्यांचं घर किंवा ऑफिस हायवेच्या त्या अंगाला आहे, त्यांना मी तीच जिम सांगेन, महिन्याच्या बोलीवर. फक्त वहिनींच्या 38 टिका तिथं पडल्या असत्या असं मला वाटत नाही. ट्रॉल्यांच्या मोसमात दहा पडल्या असत्या तरी पुष्कळ.

जानेवारीच्या शेवटी रक्त पुन्हा तपासलं. 6.0. लोकांनी अभिनंदन केलं, पण 6.1 आणि 6.0 मधला फरक तपासणीतल्या नेहमीच्या चढउतारात सहज बसतो, तेव्हा त्यावरून काही म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणाले, वाढली नाही हे चांगलं, तीन महिन्यांनी परत. एसटीची पायरी चढताना वहिनी आता दांडा धरत नाहीत. ते कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही.

फेब्रुवारीत एक जण गळाली, मुलाची बारावी. वस्ताद म्हणाले, चौघींवर बॅच परवडत नाही, परत अकराला या. चौघींनी बाहेर उभं राहूनच हिशेब केला आणि प्रत्येकी 1,000 काढले. 4,000 ते 4,000. वस्तादांनी चार पावत्या फाडल्या, प्रत्येकीवर न विसरता कार्बन घालून.

बाकावरच्या चारातल्या तीन फळ्या निघाल्यात. चौथी काढायला वहिनी तयार नाहीत. परीक्षा होऊ देत म्हणतात.